विषम मात्रांची रॉक गाणी : मोजून वाजवावीत की अंगात मुरू द्यावीत?

मंद्रसप्तक यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका हौशी बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. आम्ही पाचही जण नोकरी करणारे असल्यामुळे रविवारी सकाळचे तीन तास एवढाच सरावाचा वेळ मिळतो, आणि गेले दोन महिने त्यातला निम्मा वेळ एकाच गाण्यावर खर्च होत आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७३ मधील ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधले ‘मनी’ हे ते गाणे. सहज ऐकणाऱ्याला ते ब्लूजच्या वळणाचे साधे गाणे वाटते, पण त्याची बेसची ओळ सात मात्रांची आहे आणि सगळे गाणे त्या ओळीवरच उभे असल्यामुळे माझी त्यातून सुटका नाही.

अडचण अशी आहे की मनात एक ते सात आकडे म्हणत वाजवले तर माझे चुकत नाही, पण ते वाजवणे कचेरीतल्या टपालावर शिक्के मारल्यासारखे कोरडे होते. मूळ ओळीला जी झुलती चाल आहे, ती त्यात औषधालाही उरत नाही. आकडे सोडून दिले, की दोन-चार आवर्तने फार छान जातात आणि मग कधीतरी हात आठव्या मात्रेची वाट पाहत थांबतो. ती मात्रा गाण्यात नसतेच, त्यामुळे तोवर बाकीचे चौघे पुढच्या समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पोहोचलेले असतात.

आणखी दोन बारीक गोष्टी सांगतो, कारण इतरांनाही त्या जाणवल्या आहेत का हे मला जाणून घ्यायचे आहे. पहिली म्हणजे मराठीत मोजताना ‘सहा’ हा एकच आकडा उच्चारात दोन अक्षरांचा येतो आणि लय थोडी वाढली, की सहावी मात्रा नकळत लांबते. इंग्रजीत मोजले तर तोच घोळ ‘सेव्हन’पाशी होतो. दुसरी गोष्ट पायाची. मी एकाआड एक मात्रेवर पाय आपटतो. पहिल्या आवर्तनात पाय एक, तीन, पाच, सात या मात्रांवर पडतो, तर दुसऱ्या आवर्तनात दोन, चार, सहावर. म्हणजे सम एकदा पायावर येते आणि एकदा पाय हवेत असताना येते, आणि नेमक्या त्या दुसऱ्या वेळी माझा तोल जातो.

आमचा ड्रमर म्हणतो की मोजणे पूर्ण बंद केल्याशिवाय सात मात्रा अंगात मुरणार नाहीत. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा दिलेल्या आमच्या की-बोर्डवादक ताईंचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. त्यांच्या मते न मोजता वाजवणारा माणूस केवळ नशिबावर वाजवत असतो. जाणकारांनी कृपया सांगावे की आपण स्वतः अशी गाणी वाजवताना मोजता का, आणि मोजत नसाल, तर मोजण्याच्या जागी मनात नेमके काय चाललेले असते? ‘सरावाने जमेल’ हे उत्तर मला माहीत आहे. सराव कशाचा करायचा, हा माझा प्रश्न आहे.


खालीभरी यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून थोडे आश्चर्य वाटले, कारण सात मात्रा हे आपल्याकडे कोडे मानलेच जात नाही. तबला शिकणाऱ्या मुलाला पहिल्या दोन वर्षांतच सात मात्रांचा रूपक ताल येतो आणि तो त्याला कोणी सातपर्यंत आकडे मोजून शिकवत नाही. त्याला ‘ती ती ना, धी ना, धी ना’ एवढेच म्हणायला सांगतात.

आकडे आणि ठेका यांत माझ्या मते एक मूलभूत फरक आहे. आकड्यांत सगळ्या मात्रा एकाच चेहऱ्याच्या असतात. चौथी ही तिसरीच्या नंतरची आणि पाचवीच्या आधीची, एवढीच चौथीची ओळख. ठेक्यात मात्र प्रत्येक मात्रेला स्वतःची जागा आणि स्वतःचा आवाज असतो. रूपकाच्या पहिल्या भागात डग्ग्याचा घुमारा नसतो, तो चौथ्या मात्रेवरच्या ‘धी’बरोबर येतो, त्यामुळे डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही आपण आवर्तनात कुठे आहोत हे कळते. घरातल्या माणसाला जिन्याच्या पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत, वळण कुठे आहे हे पायाला ठाऊक असते, तसेच हे आहे. आपला हात आठव्या मात्रेची वाट पाहतो, कारण सातव्या मात्रेला ‘मी शेवटची आहे’ असे सांगणारा कोणताही आवाज आपल्या मनात नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की पंधरा दिवस बेसला हात न लावता फक्त रूपकाचा ठेका म्हणावा, शक्य असल्यास लेहऱ्याबरोबर, म्हणजे आवर्तन दाखवत फिरणाऱ्या सुरावटीबरोबर, म्हणावा, आणि मग तोच मनात चालू ठेवून ‘मनी’ वाजवावे.


डावाहात यांचे उत्तर

मी वीस वर्षे ड्रम वाजवतो आणि ‘खालीभरी’ यांनी ठेक्याविषयी जे लिहिले आहे, ते मला मान्य आहे. पण शेवटचा सल्ला कृपया पाळू नये. ‘मनी’खाली रूपक धरण्याचा प्रयोग मी स्वतः केलेला असून त्यात माझा एक महिना वाया गेला आहे.

कारण साधे आहे. रूपक तीन, दोन, दोन असा आहे, म्हणजे आधी तीन आणि मग चार. ‘मनी’ची ओळ आधी चार आणि मग तीन अशी झुकते. ती जरा मोठ्याने म्हणून पाहावी : डुम्, डक-डक, डुम्, डुम्, आणि मग डुम्, डुम्, डुम्. सात मात्रांत आठ स्वर आहेत, कारण दुसऱ्या मात्रेचे दोन तुकडे होतात, आणि हाच या ओळीचा ओळखीचा तीळ आहे. पहिल्या चार मात्रांत कान साध्या चारच्या रॉक ठेक्यावर निश्चिंत बसतो आणि पुढच्या तीन मात्रा वर चढत जाऊन आपल्याला पुन्हा सुरुवातीवर आणून टाकतात. याच्याखाली रूपक म्हटला, तर तीन मात्रा संपल्याबरोबर मन नवा खंड सुरू करते, पण ओळीचा पहिला खंड तोवर संपलेला नसतो. शिवाय रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी, आहे, तर या ओळीचे सगळे वजन पहिल्याच स्वरावर आहे. कर्नाटक संगीतात तीन-चारच्या मिश्र चापूला उलटे करून चार-तीनचा विलोम चापू केलेला आहे. आधार घ्यायचाच असेल, तर तो घ्यावा. सात म्हणजे सात, असे इथे चालत नाही.

हाच मुद्दा पाच मात्रांनाही लागू आहे. डेव्ह ब्रूबेकच्या जॅझ चौकडीने १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘टेक फाइव्ह’ तीन अधिक दोन आहे, तर आपला झपताल दोन-तीन, दोन-तीन. एकावर दुसरा चढवायला जाणारा माणूस पहिल्याच आवर्तनात ठेचकाळतो. त्याच अल्बममधल्या ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’चे नऊ हे बहुतेक वेळा तीन-तीन-तीन नसून दोन-दोन-दोन-तीन आहेत, आणि ती चाल ब्रूबेकने तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली होती. बल्गेरियातले लोक सात मात्रांच्या राचेनित्सावर लग्नकार्यात नाचतात. तिथे दोन, दोन, तीन असे असते आणि पाय ‘झट, झट, लांब’ एवढेच जाणतात.

आता ड्रमरच्या बाजूने थोडे. आपले ड्रमर म्हणतात त्यात तथ्य आहे, कारण कितीतरी विषम गाणी मुळात मोजून रचलेलीच नाहीत. साउंडगार्डनचे ‘स्पूनमॅन’ सात मात्रांचे आहे, आणि त्या बँडचा गिटारवादक किम थायिल याने सांगितलेले आहे की असल्या मात्रा त्यांच्या गाण्यांत ठरवून आलेल्या नव्हत्या, रचना झाल्यावर त्यांनी त्या मोजून पाहिल्या. बीटल्सच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’चे कडवे बहुतेक सातच्या हिशेबात आहे. जून १९६७ मध्ये ते उपग्रहावरून अनेक देशांत थेट प्रक्षेपित झाले आणि तेव्हापासून लोक ते गळा काढून म्हणत आले आहेत. कोणी मोजल्याचे मी तरी पाहिलेले नाही. पीटर गेब्रियलच्या १९७७ मधल्या ‘सॉल्झबरी हिल’चेही तसेच आहे. ते सात मात्रांचे आहे हे माझ्या लक्षात आले, तेव्हा ते गाणे ऐकायला लागून मला दहा वर्षे झाली होती.

परंतु आपल्या ड्रमरला एक उलटे उदाहरणही सांगावे. लेड झेपेलिनच्या १९७१ मधल्या ‘ब्लॅक डॉग’मध्ये गायकाची ओळ संपल्यावर वाद्ये थांबतात आणि मग बेसवादक जॉन पॉल जोन्सची ती वाकडीतिकडी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरओळ, सुरू होते. ध्वनिमुद्रण मोठ्या आवाजात ऐकले, तर प्रत्येक रिफच्या आधी ड्रमर जॉन बॉनमच्या काठ्या एकमेकींवर टेकल्याचा बारीक आवाज येतो. सर्वांना एकत्र आत आणण्यासाठी तो चक्क मोजतो आहे. बॉनमसारख्या माणसाला मोजण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

त्याच बँडच्या ‘कश्मीर’मध्ये तर मोजायचे कोणी आणि सोडायचे कोणी याची वाटणीच झालेली आहे. ड्रम सरळ चारात चालतात, रिफ तीन-तीनच्या गटांत फिरते, आणि बारा मात्रांनंतर दोघे एका जागी भेटतात. ड्रमरने तिथे रिफकडे कान देऊन तीनमध्ये ओढले जायचे नसते. आपला चारचा ठेका गाढवासारखा ओढत राहायचे असते. मला हे जमायला फार वेळ लागला, कारण ऐकताना माझे सगळे लक्ष रिफच खाऊन टाकत असे.


खालीभरी यांचे उत्तर

रूपकाबद्दलची चूक मान्य आहे. गाणे पुन्हा ऐकले आणि ते चार-तीनच आहे. मात्रांची संख्या जुळली की ताल जुळला असे मी गृहीत धरले, आणि ही चूक माझ्या विद्यार्थ्याने केली असती, तर मी त्याला रागावलो असतो.

मात्र या निमित्ताने एक राहून गेलेली गोष्ट लिहितो. आमच्याकडे मोजत नाहीत असे मी म्हणालो, ते अर्धेच खरे आहे. पढंत करताना तोंडाने बोल चालतात आणि हाताने टाळी-खाली दाखवणे चालते. बोटांच्या पेरांवर मात्रा धरणारेही पुष्कळ असतात. म्हणजे मोजणे बंद होत नाही, ते तोंडाकडून हाताकडे जाते आणि तोंड मोकळे होते. आकडे म्हणताना आपले तोंडच आकड्यांत अडकलेले असल्यामुळे ते ओळ गाऊ शकत नाही, आणि आपल्या कोरडेपणाचे कारण मला तरी हेच दिसते. टूल या बँडचा ड्रमर डॅनी केरी आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकला आहे. तबला शिकलेल्या माणसाला ही तोंड आणि हात यांची वाटणी पहिल्या दिवसापासून करावी लागते.


गालगागा यांचे उत्तर

मी वादक नाही, गझला लिहितो, आणि कोणत्याही वाद्याशी माझा संबंध ऐकण्यापुरताच आहे. तरीही या चर्चेत शिरण्याचे धाडस करतो, कारण आपण ज्याला विषम मात्रांचे कोडे म्हणत आहात, ते मराठी माणसाच्या तोंडात लहानपणापासून बसलेले आहे.

छंदशास्त्रात लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराची दोन धरतात; ‘ल’ आणि ‘गा’ या त्यांच्या खुणा. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत आणि भुजंगप्रयात म्हणजे लगागा चार वेळा. एक, दोन, दोन मिळून पाच, असे पाच-पाच मात्रांचे चार गट एका चरणात येतात. ‘मना सज्जना’ म्हणणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला आपण पाचच्या तालात बोलत आहोत याचा पत्ताही नसतो. आता कोणी म्हणेल, की शाळेत आपण श्लोक म्हणायचो तेव्हा ते पाचचे वाटत नसत, आणि ते बरोबरच आहे, कारण सामुदायिक म्हणण्यात चरणाच्या शेवटचे अक्षर आपण ताणतो, श्वास घेतो आणि ओळ गोल करून टाकतो. ‘मंद्रसप्तक’ यांचा हात ज्या आठव्या मात्रेवर थांबतो, ती मला याच सवयीची बहीण वाटते. ओळ संपली की थोडे विसावायचे, हे आपल्याला इतके शिकवले गेले आहे की न विसावता पुढच्या ओळीवर पाय ठेवणे अशिष्टपणाचे वाटते. म्हणून एक करून पाहावे. मनाचे श्लोक चालीवर न म्हणता, कुठेही न थांबता, चरणाला चरण चिकटवून, मालगाडीच्या डब्यांसारखे सलग म्हणावेत. पहिल्यांदा गुदमरल्यासारखे होते, आणि तिसऱ्या-चौथ्या श्लोकापर्यंत पाचांची चाल स्वतःहून उठून उभी राहते.

आता मला ज्या गाण्याविषयी खरोखर लिहायचे आहे, त्याकडे येतो. कॅनडातल्या रश या बँडचे १९८१ च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ अल्बममध्ये ‘वाय-वाय-झेड’ नावाचे एक शब्दरहित गाणे आहे. हा टोरांटोच्या विमानतळाचा संकेत असून गाण्याची सुरुवात म्हणजे ही तीन अक्षरे मोर्सच्या कट्ट-कड्डमध्ये वाजवलेली आहेत. स्वरलेखनाच्या पुस्तकात ती सुरुवात पाच-चार अशा, म्हणजे पाच ठोक्यांच्या, मात्राचिन्हाखाली लिहितात, आणि तिथेच मोजणाऱ्याचे हाल सुरू होतात.

मोर्सच्या लिपीत ‘वाय’ म्हणजे लांब, तोकडा, लांब, लांब. ‘झेड’ म्हणजे लांब, लांब, तोकडा, तोकडा. गाण्यात लांब खूण तोकडीच्या दुप्पट धरलेली आहे. गझल लिहिणाऱ्या माणसाने हे वाचले, की तो खुर्चीत ताठ बसतो, कारण लांब, तोकडा, लांब, लांब म्हणजे सरळ सरळ गालगागा आहे. आमच्या व्योमगंगा वृत्ताचा तो गण आहे, आणि त्या चार गालगागांवर मराठीत किती गझला उभ्या आहेत, ते सांगायला नको. तेव्हा ते सगळे कोडे असे झाले :

गालगागा, गालगागा, गागालल.

सात, सात आणि सहा, मिळून वीस. हेच वीस चार-चारचे गट करून मोजले, की पाच ठोके होतात, म्हणून पुस्तकात पाच लिहिलेले असते. पण ते ठोके या ओळीवर ठेवून पाहावेत. पहिला ठोका पहिल्या गा वर बरोबर पडतो. दुसरा ठोका पाचव्या मात्रेवर, म्हणजे तिसऱ्या अक्षराच्या, एका गा च्या, ऐन पोटात पडतो. तिसरा नवव्या मात्रेवर, तोही दुसऱ्या गालगागाच्या पहिल्याच गा च्या पोटात. चौथा आणि पाचवा मात्र पुन्हा अक्षरांच्या आरंभावर येतात. एक ते पाच मोजणाऱ्याला दोन आणि तीन या आकड्यांवर कोणताही आवाज ऐकू येत नाही आणि त्या आकड्यांच्या आगेमागे मात्र आवाजच आवाज येतात. साहजिकच तो घाबरतो. गालगागा म्हणणाऱ्याला यातले काहीच कळत नाही आणि तो सुखाने गागालल वर पोहोचतो. शेवटचे दोन लघू, ते ‘लल’, पायरीवरून घसरल्यासारखे पटकन संपतात आणि पुन्हा गालगागा सुरू होते. मी हे रोज सकाळी फिरताना म्हणतो आणि समोरून येणाऱ्यांना माझ्याविषयी काय वाटते याची चौकशी करत नाही.

गंमत अशी की भुजंगप्रयाताचा चरणही वीस मात्रांचाच आहे. वीस त्या बाजूलाही आहेत आणि या बाजूलाही. पण लगागा चार वेळा म्हणून पाहावे आणि मग ‘वाय-वाय-झेड’ म्हणून पाहावे, दोन्हींचे नाते शून्य आहे. ‘डावाहात’ यांनी सात म्हणजे सात नव्हे असे लिहिले आहे, ते वीसच्या बाबतीतही तितकेच खरे.

आता ‘मनी’साठी. गालगागा म्हणजे तीन आणि चार, म्हणजे पुन्हा रूपकाचीच बाजू झाली, तेव्हा ते इथे कामाचे नाही. आमच्याकडे मंदाकिनी म्हणून एक वृत्त आहे, गागालगा चार वेळा. दोन आणि दोन चार, मग एक आणि दोन तीन. चार-तीन हवे असतील, तर गागालगा म्हणावे. अक्षरे चारच आहेत, त्यामुळे ‘सहा’ लांबण्याचा प्रश्नही येत नाही.


तिसरीपट्टी यांचे उत्तर

मी की-बोर्ड शिकवते आणि ‘मंद्रसप्तक’ यांच्या बँडमधल्या ताईंची बाजू इथे कोणीच घेतलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

सतत चालणाऱ्या एकाच ओळीला मोजण्याची गरज नाही, हे मला मान्य आहे, कारण ओळ स्वतःच आपली मोजदाद करत असते. मोजावे लागते ते ओळ नसते तिथे आणि ओळ बदलते तिथे. ‘मनी’मध्ये सॅक्सोफोनचा एकल भाग सातमध्येच आहे, पण त्यानंतर गिटारचा भाग येतो तेव्हा सगळे गाणे चारमध्ये जाते आणि पुढे पुन्हा सातमध्ये परतते. चारच्या भागात दोनेक मिनिटे रमलेला माणूस ‘अंगातल्या’ लयीच्या भरवशावर परतू पाहील, तर त्याच्या अंगात त्या क्षणी चारच असणार. परतीच्या आधीच्या दोन आवर्तनांत मोजायला लाजू नये. टूलच्या ‘स्किझम’मध्ये पाच आणि सातचे तुकडे आलटून पालटून येतात. दोन्ही मिळून बारा होतात म्हणून बारा मोजणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि एकतालासारखे काहीतरी वाजवून दाखवतात. त्यांना आधी पाच कुठे संपतात हेच मोजायला लावावे लागते. त्यानंतर त्यांना पाहिजे तितके विसरू द्यावे.

‘मंद्रसप्तक’ यांच्या पायाविषयी एक सुचवते. तो पाय चुकत नाही, तो चौदा मात्रांचे मोठे आवर्तन चालत आहे. सम एकदा पायावर आणि एकदा पाय वर असताना आली पाहिजे. तसे होत नसेल, तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. याचा सराव मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्रावर, करता येतो. गाण्याची लय मिनिटाला साधारण १२० धरली, तर मेट्रोनोम ६० वर लावावा, म्हणजे तो एकाआड एक मात्रेवर वाजेल आणि एका आवर्तनात समेवर येऊन दुसऱ्यात समेच्या बाजूने निघून जाईल. फक्त समेवर वाजवायचा म्हटले, तर तो १७ च्या आसपास लावावा लागेल, आणि जुन्या चावीच्या मेट्रोनोमचा काटा ४० च्या खाली जात नाही. फोनवरच्या मेट्रोनोममध्ये मात्र सात मात्रा ठेवून सहा मुक्या करता येतात. ते सर्वांत अवघड आहे, आणि ते जमले की बाकीचे जमते.


मंद्रसप्तक यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या तीन रविवारी जे झाले ते कळवतो.

पहिल्या आठवड्यात, ‘डावाहात’ यांचे उत्तर येण्याआधीच, मी रूपक धरून पाहिला होता आणि त्याची फजिती त्यांनी लिहिल्याप्रमाणेच झाली. चौथ्या मात्रेवर ‘धी’ म्हटले, की माझा हात नवी ओळ सुरू करायला धावायचा. दुसऱ्या आठवड्यात गागालगा घेतले. ऑफिसला जाताना बसमध्ये मनातल्या मनात म्हणत होतो, आणि ‘खालीभरी’ यांचे वाचल्यावर त्याला मांडीवरची टाळी जोडली : पहिल्या गा वर एक आणि ल वर एक. हे टाळी देणे मला सर्वांत उपयोगी पडले. तोंडात ओळ आली आणि आकडे हाताकडे गेल्यावर ती झुलती चाल पहिल्यांदा ऐकू आली. दुसऱ्या मात्रेचे दोन तुकडे मी आजवर यंत्रासारखे सारखे पाडत होतो, हेही तेव्हाच कळले. मुळात त्यांतला पहिला तुकडा जरा लांब आहे आणि दुसरा त्याच्या मागून धावत येतो.

गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा आणि गल्ल्याच्या यंत्राचा जो आवाज फिरत राहतो, तोही सातच ठोक्यांचा आहे. चुंबकीय फितीचे तुकडे मोजून कापून आणि जोडून त्यांनी तो फास तयार केला होता. म्हणजे त्या गाण्यात सर्वांत आधी जे वाजते, ते शब्दशः पट्टीने मोजलेले आहे. हे ताईंना सांगितल्यावर त्या बराच वेळ प्रसन्न होत्या.

पायाचा प्रश्न ‘तिसरीपट्टी’ यांनी सांगितल्याप्रमाणे ६० वर सोडवायला घेतला आहे. पाय हवेत असताना सम घेणे अजून पाचांतून दोनदा चुकते, पण आता ते चुकले हे मला लगेच कळते. पूर्वी ते इतरांच्या चेहऱ्यांवरून कळत असे.

परतीच्या जागेवरचा वाद मात्र चालू आहे. गिटारचा भाग संपून सातमध्ये येताना कोणी खूण करायची, हे ठरत नव्हते. ड्रमरचे म्हणणे होते की खुणेची गरज नाही, ऐकू येते. गेल्या रविवारी मी फोन खुर्चीवर टेकवून तालमीचे चित्रीकरण केले. त्यात परतीच्या आधीच्या आवर्तनात त्याचे ओठ स्पष्ट हलताना दिसतात. काय म्हणत होतास, असे विचारले, तर तो म्हणाला की ओळ म्हणत होतो, आकडे नव्हे. ताईंना ते आकडेच दिसतात. चित्रीकरणाला त्या अंतरावरून आवाज नीट नाही, त्यामुळे हा निकाल लागणे कठीण आहे. तूर्त असे ठरले आहे, की त्याने शेवटच्या दोन मात्रा काठ्या टेकवून ऐकू येतील अशा द्याव्यात आणि बाकीच्यांनी त्याच्या ओठांकडे पाहू नये.

‘वाय-वाय-झेड’ आम्ही वाजवणार नाही. गालगागा तोंडात बसले आहे, पण माझी बोटे गागालल च्या शेवटच्या दोन लघूंना पोहोचत नाहीत, आणि ते मोजण्याने किंवा न मोजण्याने सुटणारे दुखणे नाही.